आभाळाकडे पाठ केलेले आतोबा

माझ्या आतोबांनी आयुष्यात जितक्या गोष्टी घडू दिल्या नाहीत, तितक्या गोष्टी आमच्या तंजावुरात दुसऱ्या कुणी घडवल्याही नसतील. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. हवाई दलात विमानं दुरुस्त करणारे अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत परत आले, आणि त्यानंतर जिथं कुठं जुनी लष्करी विमानं लोकांना उडवून दाखवायचा घाट घातला जाई, तिथून आतोबांना बोलावणं यायचं. काम एकच. लोकांनी कुठं उभं राहायचं, विमानानं कुठून जायचं आणि आज ते जाणार की नाही, एवढं ठरवायचं. अंगात पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी, कपाळावर गंध आणि पायात घरच्याच वहाणा, अशा वेशात त्यांनी देशभरातली मैदानं पालथी घातली. त्यांच्या देखरेखीखाली झालेल्या एकाही प्रदर्शनात कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही, आणि म्हणूनच त्यांचं नाव कधी कुठल्या वर्तमानपत्रात छापून आलं नाही. आत्याला याचं फार वाईट वाटायचं. ती म्हणायची, "इतकी वर्षं उन्हात उभे राहिले, एक फोटो म्हणोन नाही!" आतोबा म्हणायचे, "फोटो आला असता तर तू रडली असतीस." आणि कॉफीच्या टंबलरमध्ये डोकं घालायचे.

मी काही वर्षं पुण्यात नोकरीला होते, म्हणून ही अशी छापील मराठी लिहिते आहे. घरात आम्ही बोलतो ती मराठी ऐकून पुण्यातल्या मैत्रिणी खो खो हसायच्या. 'मजला', 'तुजला', 'म्हणोन' असलं काही तोंडातून गेलं की त्यांना वाटायचं, मी नाटकात काम करते. आतोबा मात्र जन्मभर हीच भाषा बोलले. हवाई दलातही वरिष्ठांशी इंग्रजीत, मेकॅनिकांशी तमिळ-हिंदीत आणि विमानाशी मराठीत. हो, विमानाशी. जुन्या विमानाच्या पत्र्यावर हात ठेवून ते खालच्या आवाजात काहीतरी विचारायचे, आणि विमान उत्तर देत असावं अशी मान डोलवायचे. जुन्या विमानांना ते आजी म्हणत. "आजी आजारी नाही, आजी म्हातारी आहे. तिला चालायला सांगा, नाचायला सांगूं नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रदर्शन भरवणाऱ्यांना नेमका नाच हवा असे. मग दोन्हीकडून आवाज चढायचे.

पण हा माणूस मैदानावरच असा असता तर आम्ही सुखानं जगलो असतो. तो घरीही तसाच होता. झोपाळ्यावर कुणी बसलं की झोपाळ्यासमोरून कुणी जायचं नाही. नारळाच्या झाडाखाली उभं राहून बोलायचं नाही. मग भेटलेला माणूस कितीही मोठा असो, त्याच्या दंडाला धरून आतोबा त्याला चार पावलं बाजूला नेत आणि तिथं त्याची चौकशी करीत. देवळाच्या रथोत्सवात रथ वळायच्या कोपऱ्यावर हे शिट्टी घेऊन हजर, आणि लोकांना असे मागे सारत की बाहेरगावचे भाविक त्यांनाच विश्वस्त समजून नमस्कार करत. माझ्या लग्नात तर कमालच झाली. आमच्याकडे वधूवरांना झोपाळ्यावर बसवून बायका गाणी म्हणतात आणि रंगीत भाताचे गोळे ओवाळून टाकतात. आतोबांनी आदल्या दिवशीच झोपाळ्याच्या साखळ्या तपासल्या, आणि मुहूर्ताआधी तांदळाच्या पिठीनं जमिनीवर एक लांबलचक रेघ ओढली. या रेघेच्या आत कुणी यायचं नाही! वऱ्हाड चाटच पडलं. नादस्वरवाले वाजवायचे थांबले. माझी सासू माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तेवढ्यात आत्या पुढं झाली, पिठीचा डबा घेतला आणि त्या रेघेवर भराभरा ठिपके देऊन वेलबुट्टीचं असं सुंदर कोलम काढलं की सासरची मंडळी म्हणाली, वा, काय कला आहे तुमच्याकडे! कुणी त्या कोलमावर पाय टाकला नाही. आतोबांची रेघ शाबूत राहिली. त्यांचा संसार हा असा होता. ते रेघा ओढायचे आणि आत्या त्या सजवायची.

आणि एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. आतोबांनी एकही प्रदर्शन पाहिलेलं नव्हतं. खरंच सांगते. विमान आभाळात गेलं की ते आभाळाकडे पाठ करत आणि लोकांकडे तोंड करून उभे राहत. कोण रेषा ओलांडतोय, कोण कुंपणावर चढतोय, कोणाचं मूल कुठं धावतंय, याच्यावर नजर. विमान कुठं आहे ते कानानं ओळखायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो आतोबा, एवढं सुंदर विमान डोक्यावरून जातंय, वळून तर बघा!" तर म्हणाले, "त्यास बघायला इतके लोक आले आहेत, कण्णा. ह्या लोकांस बघायला कोण आहे?" कण्णा म्हणजे तमिळमध्ये 'बाळा', मी कितीही मोठी झाले तरी.

तर अशा आतोबांच्या स्वतःच्या गावात प्रदर्शन आलं. बंगळूरच्या काही हौशी मंडळींनी महायुद्धाच्या काळातलं एक दोन बैठकांचं शिकाऊ विमान वर्षानुवर्षं खपून उडतं केलं होतं. ते दसऱ्याच्या दिवशी आमच्या गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर उडवून दाखवायचं ठरलं. आणि ते उडवणार होते पायलटमामा. पायलटमामा म्हणजे आमच्याच गल्लीतले, आतोबांचे लहानपणापासूनचे दोस्त. दोघं एकाच सायकलवर सायकल शिकले, एकाच वर्षी हवाई दलात गेले. एक विमान उडवायला, दुसरा ते दुरुस्त करायला. गल्लीतली सगळी मुलं त्यांना पायलटमामाच म्हणत आली. त्यांचं खरं नाव फक्त मामींना आणि पेन्शनच्या ऑफिसला ठाऊक असावं. मामा देखणे, गप्पिष्ट, मिशी राखणारे. आता सत्तरीला टेकले होते, बंगळुरात राहत होते. डॉक्टरांनी यंदा कसंबसं पास केलं होतं आणि पुढच्या वर्षी विचारूसुद्धा नका असं बजावलं होतं. लहानपणी ज्या शेतांतून शाळेला गेलो त्या शेतांवरून एकदा विमान न्यायचं, ही त्यांची किती वर्षांची हौस! ती आता नाही तर कधीच नाही. हे त्यांना माहीत होतं, आतोबांना माहीत होतं आणि गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आतोबा दोन महिने आधीपासून कामाला लागले. मोपेडवरून धावपट्टीच्या आसपासची गावं हिंडले. आयोजकांनी तिकीट काढलेल्या लोकांसाठी मांडव, खुर्च्या, दोर, सगळं चोख केलं होतं. आतोबा म्हणाले, "आणि फुकट बघणारे?" कालव्याच्या बांधावर गावंच्या गावं येऊन उभी राहणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि विमान वळणार होतं ते नेमकं त्या बांधावर. आयोजक म्हणाले, ते आमचे प्रेक्षक नाहीत. आतोबा म्हणाले, विमानास तिकीट दिसत नाही. मग ते बांधावर गेले आणि लावणी करणाऱ्या बायकांना सांगायला लागले की त्या दिवशी इथं उभ्या राहू नका. त्यातली एक चिखलातून न उठता म्हणाली, "आमचं शेत इथंच आहे, अय्या. आम्ही कुठं जायचं? विमानालाच सांगा की तिकडून जा म्हणून." आतोबा खूश होऊन परत आले. "बरोबर बोलली!" म्हणाले, आणि भांडून भांडून विमानाचा सगळा मार्गच फिरवला, तो पलीकडच्या मोठ्या तळ्यावरून जाईल असा. मामांनी दोन उभ्या गिरक्या मागितल्या होत्या, म्हणजे नाक वर करून, पाठीवर उलटं होऊन पुन्हा खाली येणं. आतोबांनी एक दिली, तीही तळ्यावर, भरपूर उंचीवर. "डेय, तू शाळेतल्या हेडमास्तरापेक्षा वाईट आहेस," मामा म्हणाले. आतोबा म्हणाले, "हेडमास्तरांनी तुजला जिवंत बाहेर पाठवलं की नाही?" दोघं खूप हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

विमान आलं. पिवळं धम्मक, गोल नाकाचं, गावभर आवाज करत आलं. दुसऱ्या दिवशी नवमी, म्हणजे आमच्याकडे आयुधपूजा. त्या दिवशी प्रत्येक यंत्राला, हत्याराला गंध-कुंकू लागतं. शिलाईयंत्र, मोपेड, पंप, मिक्सर, काही सुटत नाही. पूजा झाली की ते यंत्र त्या दिवशी वापरायचं नाही, दसऱ्याला पुन्हा हातात घ्यायचं. मग विमानाची पूजा नको? सगळ्यांनी आत्यालाच पुढं केलं. आतोबांनी तिथंही नियम घातले. कोहळा फोडायचा नाही, तुकडे धावपट्टीवर पडतात. नारळ फोडायचा नाही, करवंटीनं चाक फाटतं. चाकाखाली लिंबू नाही. कापूर विमानापासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला, आणि ताट आतोबांच्याच हातात. आत्या कंटाळून म्हणाली, "अहो, मग करूं तरी काय?" आतोबा म्हणाले, "गंध-कुंकू लाव की. त्यानं काय होतंय!"

ते त्यांनीच म्हटलं होतं. मी तिथं होते.

बंगळूरच्या पोरांनी फोटो चांगले यावेत म्हणून विमानाच्या भोकांवरची, नळ्यांवरची लाल फिती लोंबणारी झाकणं काढून ठेवली होती. आतोबा कापराचं ताट हातात धरून, नेहमीसारखी विमानाकडे पाठ करून, लोक पुढं येऊ नयेत म्हणून त्यांच्याकडे बघत उभे राहिले. त्यांच्या मागे आत्या वाटीतलं गंध घेऊन विमानाभोवती फिरत होती. पंख्याच्या पात्यांना लावलं, पंखांना लावलं, चाकांना लावलं. आणि विमानाच्या कुशीवर तिला एक लाल कडं रंगवलेलं दिसलं. छोटंसं, रुपयाएवढं, आणि मध्ये बारीक भोक. पलीकडच्या बाजूलाही तसंच. आता तुम्हीच सांगा, जन्मभर कोलम काढणारी, कुंकू लावणारी बाई. लाल कडं, मधोमध ठिपक्याची जागा. तिला वाटलं, इथं गंध लावायचं म्हणून जागाच आखून ठेवली आहे. तिनं पातळ उगाळलेलं गंध बोटानं हळूच कड्यात भरलं आणि वर कुंकवाचा टिळा लावला. दोन्हीकडे. फार सुरेख दिसत होतं, मीच तिला तसं म्हटलं. मग चुरमुरे आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, वाटली, सगळे प्रसाद खाऊन घरी गेले.

दसऱ्याला सकाळी लोकांनी मैदान फुलून गेलं. मांडव भरला, आणि आतोबांनी सांगितलं होतं तसेच कालव्याचे बांधही भरले. मामा विमानाजवळ उभे होते, नुकतीच मिशी कातरलेली, जुनं जाकीट चढवलेलं. मामी माझ्या शेजारी बसल्या होत्या. आतोबा रिवाजाप्रमाणे विमानाभोवती एक फेरी मारायला गेले. पत्र्यावर हात ठेवत ठेवत चालले होते. कुशीपाशी आले आणि थांबले. खाली वाकले. मग खूप वेळ सरळ झालेच नाहीत. मला वाटलं, उसण भरली. मी धावत गेले तेव्हा ते त्या वाळून तडकलेल्या गंधाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता.

त्या भोकातून विमान बाहेरची हवा हुंगतं, असं त्यांनी मला नंतर समजावलं. आपण किती उंच आहोत, किती वेगानं चाललो आहोत, हे सगळं त्या हवेवरून काट्यांना कळतं. भोक पुरतं बंद झालं तर काटा हलतच नाही, उडवणाऱ्याला लगेच समजतं. पण अर्धवट चोंदलं तर काटा मागे रेंगाळतो. विमान खाली आलेलं असतं आणि काटा अजून वरच असतो. गिरकी घेऊन नाक खाली करून येणाऱ्या माणसाला तो काटा सांगतो, अजून पुष्कळ जागा आहे. आणि जागा नसते.

"पूस ते," मामा म्हणाले. "ओल्या फडक्यानं पूस आणि बाजूस हो."

"बाहेरचं पुसलं. आत गेलं असेल तर?"

"गेलं नाही."

"तुजला कसं ठाऊक?"

"तुजला तरी कसं ठाऊक?"

"मजला ठाऊक नाही," आतोबा म्हणाले. "तेच सांगतो आहे."

आतली नळी सोडवून, हवा मारून, तपासून पुन्हा जोडायची तर त्याची साधनं बंगळुरात होती. मामा म्हणाले, मी काटे बघून उडवतो होय? डोळ्यांनी उडवतो! आतोबांनी नुसतं शेतांकडे बोट केलं. लावणीचे दिवस, सगळी शेतं पाण्यानं भरलेली, तळंही काठोकाठ. "वरून बघशील तर खालतीही आभाळच दिसेल," ते म्हणाले. "उंची कशावरून ओळखशील?" मामा म्हणाले, बरं, गिरकी नको, सरळ नेतो आणि सरळ उतरतो. आतोबांनी मान हलवली. उतरताना वेग तोच काटा सांगणार. मग मामा जवळ आले. आवाज अगदी खाली आला. "डेय. पुढल्या वर्षी मजला कोणी बसूं देणार नाही. हे शेवटचं आहे. तुजला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," आतोबा म्हणाले.

आणि ते माइककडे चालू लागले. त्यांना काहीही कारण देता आलं असतं. वारा म्हणता आलं असतं, इंजिन म्हणता आलं असतं. त्यांनी स्वच्छ तमिळमध्ये सांगितलं की विमान आज उडणार नाही, विमानात खोट नाही आणि चालवणाऱ्यातही नाही. आमच्या घरच्या पूजेचं गंध त्याच्या एका भोकात गेलं असावं, पूजेच्या वेळी लक्ष ठेवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही, चूक माझी आहे. आधी कुणाला कळलंच नाही. मग मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं, मग मागून ओरडा सुरू झाला. खुर्च्या सरकल्या. लहान मुलं रडायला लागली. पहिल्या रांगेत नवी रेशमी पट्टूसाडी नेसून बसलेली माझी आत्या उठली आणि सरळ गाडीत जाऊन बसली. मामा विमानाच्या पंखाखाली पाठमोरे उभे होते. मामी त्यांच्याकडे गेल्या, पण त्यांनी मामींनाही हातानंच दूर केलं.

घरी आत्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिली. "मी त्याच्या जिवावर उठले होते होय?" एवढंच पुन्हा पुन्हा. आतोबा तिच्यासमोर बसले, गुडघे धरत धरत. "गंध लाव म्हणोन मीच म्हटलं. ताट घेऊन मी उभा होतो. पाठ माझी होती." ती ऐकेचना. दोन म्हातारी माणसं, एकमेकांची चूक एकमेकांकडून काढून घ्यायला बघत होती. मी कॉफी केली, कुणी प्यायलं नाही. गल्लीत लोक चेष्टा करत होते की कुंकवानं विमान पाडलं. खरं सांगू, त्या दिवशी मलाही आतोबांचा राग आला होता. म्हातारपणी एका माणसाला एवढं एक सुख मिळत होतं, ते यांनी हिरावून घेतलं असं वाटत होतं.

विमान ट्रकवर चढून बंगळूरला गेलं. काही दिवसांनी मामांचा फोन आला. आतोबांनी धावत घेतला. पलीकडून मामा म्हणाले, "नळी उघडली. दोन्हीकडची. साफ होती. ऐकतोस? साफ!" आणि फोन ठेवला. बंद झालेला रिसीव्हर आतोबांनी कानाशी तसाच धरला होता. मग आम्हाला म्हणाले, "साफ होती म्हणे." आत्या देवासमोर जाऊन ढसाढसा रडली. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पण तेच ओझं आतोबांच्या डोक्यावर गेलं. "उघडल्यावर कळलं की साफ होती. न उघडता कसं कळावं?" असं ते मला, शेजाऱ्यांना, दूधवाल्यालासुद्धा सांगायचे. आणि मग एकटे असले की विचारायचे, "कण्णा, मी चुकलो काय?" मी म्हणायची, नाही हो आतोबा. ते म्हणायचे, "तू मजला बरं वाटावं म्हणोन सांगतेस."

बंगळूरच्या त्या हौशी मंडळींनी नंतर विमान एका दालनात ठेवून दिलं, लोकांनी बाहेरून बघावं म्हणून. ते पुन्हा उडालं नाही. मामाही उडाले नाहीत. आणि ते आतोबांशी बोललेही नाहीत. दर रविवारी आतोबा बंगळूरला फोन लावायचे. मामी उचलायच्या आणि म्हणायच्या, बाहेर गेले आहेत. आणि त्यांच्या मागे टीव्ही चालू असायचा, मामांचा खोकला स्पष्ट ऐकू यायचा. आतोबा म्हणायचे, "बरं, आल्यावर सांगा, फोन केला होता," आणि खोकला कसा आहे त्याचा अंदाज घेऊन ठेवायचे. "कफ आहे अजून," आम्हाला येऊन सांगायचे. प्रदर्शनांची बोलावणी येत होती, पण आतोबा गेले नाहीत. पुढच्या आयुधपूजेला आत्यानं मिक्सरसमोर बसून, बोटावर कुंकू घेऊन, त्यांना विचारलं, "इथं लावूं काय?" त्यांनी बोटानं जागा दाखवली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं प्रथमच त्यांना असं काही विचारलं होतं, आणि मला ते बघवलं नाही.

मग गेल्या मार्गशीर्षात मामा गेले. झोपेतच गेले, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर. अस्थी तिरुवैयारूला कावेरीत सोडायच्या असं मामांनीच सांगून ठेवलं होतं. मामी मुलाला घेऊन आल्या. आतोबांना बोलावलं नव्हतं, पण मी त्यांना गाडीत घालून घेऊन गेले. वाटेत एकदा म्हणाले, "वहिनी मजला बघून उठून गेल्या तर परत येऊं."

मामी उठून गेल्या नाहीत. विधी झाला, मुलगा भटजींबरोबर पुढं गेला, आणि मामी घाटाच्या पायरीवर येऊन आतोबांच्या शेजारी बसल्या. नदीला पाणी होतं. पलीकडे कुणीतरी म्हशी धूत होतं. आतोबांनी हात जोडले. "वहिनी, त्याचं शेवटचं उडणं मी काढून घेतलं. आणि नळी साफ होती."

"हे शेवटपर्यंत तुमच्यावर रागावलेले होते," मामी म्हणाल्या.

आतोबांनी मान खाली घातली.

"सकाळी कॉफीचा पहिला घोट घेतला की सुरुवात. तुमच्या नावानं. हेडमास्तर म्हणायचे, भित्रा म्हणायचे, आणखीही काय काय म्हणायचे, ते मी ह्या जागी बोलत नाही. मी म्हणायची, पुरे आता, दोसा निवतो. तर म्हणायचे, अजून संपलं नाही. मग दोसा खायचे, पेपर वाचायचे, पुन्हा तुमच्यावर यायचे." मामींनी पदरानं तोंड पुसलं. "त्या दिवशी मांडवात बसोन मी देवास काय मागत होते ते ह्यांना कधी सांगितलं नाही. हे उडूं नयेत, एवढंच मागत होते. मग ते रोज माझ्यासमोर बसोन तुम्हांस शिव्या द्यायचे आणि मी स्वयंपाकघरात हसायची. रागवायला का होईना, माणूस घरी होता."

आतोबांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"खोकला असतानाही?"

"खोकला असताना जास्त."

आतोबा हसायला लागले. रडता रडता, अंग गदगदा हलवत, घाटावरचे लोक वळून बघेपर्यंत हसले. मग उपरण्यानं तोंड पुसून मामींच्या दिशेनं नीट वळून बसले. "काय काय म्हणायचा, वहिनी? सगळं सांगा. काही गाळूं नका." आणि मामी आठवून आठवून एकेक सांगायला लागल्या, मामांच्याच आवाजात, मामांसारखी भुवई चढवून. मी गाडीपाशी जाऊन उभी राहिले. ऊन चढलं, मुलगा येऊन दोनदा घड्याळ दाखवून गेला, तरी ती दोघं तिथंच बसून होती.